थ्री फेज

ढोकण्यानं दारातच नाक उचललं.
"भाऊ, हे घर नाही वाटत, पिठाचा डबा वाटते.
गिऱ्हाईकानं आत पाय टाकला
का त्याले घरच दिसलं पायजे."

मग आम्ही घर विकाऊ करायला घेतलं.

आधी चक्की निघाली.
दिग्रसच्या भंगारवाल्यानं दगड वेगळे तोलले, मोटर वेगळी,
पट्टा फुकटात नेला.
फरशीत चार बोल्ट उरले. कापायला बसलो तर ठिणग्याच.
इंदू म्हणाली, राहू द्या,
वर सतरंजी टाकू, सतरंजीवर टीपॉय,
टीपॉयवर भाचीनं दिलेला काचेचा मोर.

एकतीस वर्षं पीठ उडालं या घरात.
पंख्याच्या पात्यांवर, देवांच्या फोटोंमागे,
घड्याळाच्या आत, ते कसं शिरलं कोण जाणे,
कॅलेंडरच्या खिळ्यालासुद्धा पांढरी टोपी.
ओलं फडकं लावलं की त्याची कणीक व्हायची.
दोन दिवस इंदू भिंतीवरून
पोळीएवढे पापुद्रे काढत होती.

रंग बदामी. ढोकणे म्हणे, बदामीले कोणी नाही म्हणत नाही.
कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या,
मोरीला नवी जाळी,
गळका नळ बदलला, जो मी
इंदूनं सांगूनही नऊ वर्षं बदलला नव्हता.
ती त्या नळाकडे बघत जरा वेळ उभी राहिली.
काही बोलली नाही. तेच बरं झालं.

रंग ओला असताना शेवंताबाई आली,
डोक्यावर ज्वारीचा डबा.
बंद झाली म्हटलं, चक्की.
"मालूम हाय," म्हणाली, आणि पायरीवर बसली.
उठताना म्हणे,
"दुपारची झोपच येत नाही, बाप्पा.
आवाज नाही ना आता."

राहिलं होतं मीटर.
ढोकणे म्हणाला, "चक्कीचं मीटर पायलं का मानूस बिचकते,
बिलाचा इचार करते. काढून टाका."
दोन चकरा मारल्या दारव्ह्याच्या, एक अर्ज, एक झेरॉक्स.
वायरमन पोरगा खांबावर चढला,
जाड केबल खांद्यावर वेटोळून घेऊन गेला.
खांबापासून आमच्या घरापर्यंत आता
एक बारीक तार. तिच्यावर चिमणीही बसेना.

रविवारी चव्हाळे कंडक्टर आले, बायको घेऊन.
त्यांनी स्लॅब ठोकून पाहिला,
बोअर किती फूट, नळ किती दिवसाआड,
मागच्या भिंतीला ओल धरते का,
सगळं विचारलं, तिकिटं फाडल्यासारखं भराभर.
वाळ्याचा वास घरभर.
ढोकणे माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होता.

माधुरीबाई मात्र गप्प.
टीपॉयला वळसा घालून गेली
आणि सतरंजीवर तिचा अंगठा ठेचाळला.
वाकून तिनं कोपरा उचलला.
"इथं काय होतं?"

"काही नाही वहिनी, जुनं..." ढोकणे.
"चक्की," मी म्हणालो.

"मंग थ्री फेज असन!"
पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला.
"बचत गटाचं मिरची कांडप टाकायचं हाय मले.
चार घरं पायली. कुठीच लाईन नाही."

ढोकणे पंख्याकडे बघू लागला.
मी त्या चौकोनाकडे,
मीटर काढलं तिथं बदामी रंग
अजून जरा जास्तच बदामी होता.
"मंगळवारीच कापली," इंदू म्हणाली.
खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही.

बाईनं स्विचबोर्डामागे बोट घातलं,
जिथं आमचं फडकं पोचलं नव्हतं.
पांढरं झालेलं बोट जिभेला लावलं.
"ज्वारी," म्हणाली.

पंचवीस हजार पाडले तिनं,
नव्या लाईनच्या नावानं, एका दमात.
नवऱ्यानं तोंड उघडायच्या आत ठरलंसुद्धा.

मग मोर इंदूच्या हातात दिला,
टीपॉय सरकवला,
आणि जमिनीवर बसून
बोल्टाबोल्टातलं अंतर वितीनं मोजलं.
आडवं दोन वीत, उभं अडीच.
"कापजा नका," म्हणाली.
नवऱ्याच्या खिशातला पेन घेऊन
तळहातावर लिहून घेतलं.