मराठी प्रत

अहवाल दोनशे बारा पानांचा.
मराठी प्रत सोमवारी हवी,
म्हणजे मंगळवारी मंत्रालयात कुणी उघडली नाही
तरी ती होती असं म्हणता येईल.
भुसावळचं विश्रामगृह. कूलर पाणी पितोय,
मी शब्द शोधतेय.

सल्लागार तिघे. शरयू पुण्याची, एक दिल्लीचा,
आणि एक, ज्याचा देश दर वाक्याला बदलतो:
पोलंडमध्ये असं झालं, चिलीमध्ये तसं.
रावेर-यावलमध्ये काय झालं
हे त्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

पहिल्याच पानावर अडले.
कोळशाकडून उन्हाकडे जाण्याला म्हणायचं काय?
शासकीय कोश म्हणतो, संक्रमण.
केंद्राच्या सभागृहात मी तेच वाचलं.
पुंडलिक भिरूड, बॉयलरवर एकतीस वर्षं,
चष्मा पुसत म्हणाले,
"म्हंजे संक्रांतच ना, ताई?
आमच्यावरच आली म्हणा."
सभागृह हसलं.
दिल्लीचा माझ्याकडे वळला,
आणि ते हसू इंग्रजीत नेताना
माझ्या हातून अर्धं सांडलं.

पडद्यावर दोन रेघा. काळी उतरणारी, पिवळी चढणारी.
जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे
कुणीतरी हौसेने एक ठिपका दिला होता.
हकीम तडवी मागच्या रांगेतून उठला तेव्हा
बरोबर त्या ठिपक्यातून बोलल्यासारखा बोलला.
राखेच्या विटा पाडतो. अठरा बाया कामाला,
मिक्सर हप्त्यावर.
"राख वाईट, हे मलाच सांगता?
माझ्या बहिणीच्या शेतात कापूस राखाडी फुटतो.
पण केंद्र थांबलं, राख थांबली,
तर मी विटा कशाच्या पाडू?
उन्हाच्या?"

चिलीवाल्याने पान उलटलं.
त्याच्या पानावर कामगार होते, कंत्राटी होते,
पुनर्प्रशिक्षणाचे तास होते,
राख होती ती फक्त प्रदूषण या रकान्यात.
शरयूने मात्र लॅपटॉप मिटला,
निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं:
रोज किती विटा? राख फुकट की विकत?
गाडीभाडं कोण देतं?
हकीम उत्तरं देत गेला, आधी उभ्याने,
मग तिच्या शेजारच्या खुर्चीवर.

रात्री दहाला भिंती अजून तापलेल्या.
सव्वा दहाला वीज गेली.
दिव्याखाली अंधार ही म्हण
इथे ग्राहक क्रमांकासह मिळते.
मोबाइलच्या उजेडात आम्ही दोघींनी
तक्ता सात-ब मध्ये एक ओळ घुसवली:
राखेवर चालणारे छोटे धंदे. संख्या सदतीस.
पर्यायी कच्चा माल —
पुढचा रकाना
दोन वाजेपर्यंत रिकामा.

सकाळी तिघांचं भांडण झालं, हळू आवाजातलं,
आणि इंग्रजी प्रतीत लिहिलं गेलं
'अभ्यास सुरू आहे' अशा अर्थाचं काहीतरी.
मला तेवढंच मराठीत आणायचं होतं.
मी कागदावर बराच वेळ पेन टेकवून बसले.
लिहिलं:
अजून माहीत नाही.

शरयूने दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचल्या.
एकदा माझ्याकडे पाहिलं.
दोन्ही प्रतींवर सही केली.

जाता जाता पान एकच्या तळाशी
मी एक टीप सोडली, कुणी मागितली नव्हती:
संक्रमण म्हणजे सूर्याने घर बदलणं.
त्या दिवशी तीळ वाटतात.
संक्रांत बसते तीही त्याच दिवशी.

महिन्याने फोन आला, अनोळखी नंबर.
भिरूड.
मला वाटलं, टिपेबद्दल बोलतील,
निदान हकीमबद्दल.
"ताई, पान चाळीसवर
वाफेचं तापमान चुकलंय.
चारशे पाच छापलंय.
पाचशे चाळीस पाहिजे.
बंद करायचंय ना, करा.
पण आकडा नीट घाला."