दोन रात्री, अकरा लीक

परिषद लीलला संपली. बाकीचे सगळे
पॅरिसला पळाले, मनोऱ्यापाशी फोटोला.
मी आमियाँचं तिकीट काढलं. स्वस्त होतं,
आणि खिडकीतल्या पोराने "तिथे कशाला?" विचारलं नाही.

आमियाँ. शेवटचं अक्षर नाकातच ठेवून द्यायचं,
पडसं झाल्यासारखं. माझं फ्रेंच एवढंच.

खोलीत एकच उशी, लोडासारखी लांब.
खिडकीखाली सोम नदीचे फाटे
भावकीसारखे वेगळे होतात, पण न भांडता.
बूट काढले. चहा कोणी मागितला नाही.
कोट अंगात तसाच ठेवून पाच मिनिटं पलंगावर बसले
आणि मग एकटीच फिस्सकन हसले.

शनिवारी नदीकाठी बाजार.
पत्रकात लिहिलं होतं: पाण्यातल्या मळ्यांतून
भाजी होडीने येते.
पांढऱ्या व्हॅनने आली.
होडी आता वर्षातून एकदा, हौसेपुरती,
असं खांदे उडवून रेमोंद कार्पांतिएबाई म्हणाल्या,
किंवा म्हणाल्या असाव्यात.
नखांत काळी माती, एप्रनच्या खिशात खुळखुळती नाणी.

पुढ्यात लीक रचलेले: आपल्या पातीच्या कांद्याचे
उंच, सुखवस्तू मावसभाऊ.
एक द्या, म्हणून मी करंगळीच्या
पहिल्या पेरावर अंगठा टेकवला.
बाईंना वाटलं, मी बारीक बारीक मागतेय.
निवडून निवडून अकरा बारीक लीक
सुतळीने बांधून हातात. दोन युरो.

मग उलगडा. इथे एक म्हणजे नुसता अंगठा, वर.
आमच्याकडे एक म्हणजे हे पेर, दोन हे,
आणि चार बोटांत होतात बारा.
"दूझ!" त्या ओरडल्या. एका हातात डझन!
शेजारच्या अंडीवाल्याला हाक मारून दाखवलं.
त्याने गिऱ्हाइकाची अंडी पेरांवर मोजली,
परत मोजली. रांग खोळंबली. कोणी कुरकुरलं नाही,
एका म्हाताऱ्याने तर
खिशातल्या खिशात मोजून पाहिलं.

जुडी काखेत घेऊन कॅथेड्रलमध्ये शिरले.
जमिनीवर काळ्या-पांढऱ्या फरशीचा चक्रव्यूह,
त्यावरून दोन मुली चवड्यांवर चाललेल्या, भांडत.
मीही चालले. प्रत्येक वळणावर हिरवे शेंडे
कुणाच्या तरी कोटाला लागायचे. पार्दों, पार्दों.
मध्यावर पोहोचले तेव्हा काहीच झालं नाही.
गुडघा दुखत होता. छान वाटत होतं.

संध्याकाळी घरमालक आक्लीने सात लीक चिरले.
टायरचा कारखाना बंद पडला तेव्हापासून
तो खोल्या भाड्याने देतो आणि सूप करतो.
बटाटा, लोणी, आणि वरून, माझ्याकडे न बघता,
चिमूटभर जिरं.
"आईचं," म्हणाला. पुढे काही नाही.
जाड पाव बुडवून आम्ही गप्प खाल्लं.
बाहेर धुकं होतं, की पाऊस. इथे दोन्हींना वागणूक एकच:
छत्री न उघडता चालत राहायचं.

रविवार. उरलेले चार लीक
पिशवीतून डोकं काढून ट्रेनमध्ये.
समोरच्या गृहस्थांनी आधी नाक उचललं, मग भुवया,
मग पुढे झुकून कृती सांगायला लागले.
अरास येईपर्यंत सांगत होते. मला कळला
फक्त बटाटा. पण टप्पे मी पेरांवर मोजत गेले:
नऊ.

अरासला ते उतरले. गाडी हलणार
तेवढ्यात धावत परत आले, काचेवर टकटक,
आणि अंगठा वर.

छान, म्हणाले असतील.
किंवा एक.
एक काहीतरी सांगायचं राहिलं.