पाठपोट

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
बिघडलेला कागद मी फेकत नाही.
कुणाचा सातबारा तिरपा उमटतो,
कुणाच्या दाखल्यावर शाईचा काळा पट्टा.
नावाचा कोपरा फाडून घेते
आणि कोऱ्या पाठीवर स्केचपेननं लिहिते:
शनिवार, रात्री साडेआठ,
दुकानामागची खोली, अमळनेर.
क्लॅरनेट : सुपडू बागुल.

‘कलावंत लिहू का, सुपडूदादा?’
‘नको ताई. वाजाडनारा लिख, इतलंच.’

मला तो सापडला दोंडाईच्यात,
मावसबहिणीच्या दिराच्या वरातीत.
घोडी बिथरलेली, नवरदेव खालीच उभा,
बँडवाले विडी ओढायला पांगलेले,
आणि जनरेटरच्या गाडीमागे
लाल कोटाची गुंडी सोडून
एक माणूस पत्ती ओली करत
भिंतीकडे तोंड करून वाजवत होता,
कुणासाठीच नाही.
जनरेटरच्या धडधडीतून मी कान पुढे केला.
चार स्वर वर गेले.
पाचवा निघाला, आणि उंबऱ्यातच थांबला,
काही विसरल्यासारखा.
मग घोडी शांत झाली.
त्यानं गुंडी लावली
आणि नाचाच्या गाण्यात शिरला.

वैशाखातला शनिवार.
भिंतीला पाठ टेकली
तर भिंतच पाठ सोडत नव्हती.
अकरा माणसं आली, त्यांतली तीन माझ्या घरची.
सतरंजी शाळेतून मागून आणलेली,
शेवेच्या रिकाम्या डब्यावर चिठ्ठी : जमेल ते.
सुपडूदादा नुसता बसून.
एकदा वाद्याकडे बघे, एकदा कूलरकडे.
कूलर खडखडत होता आपल्या तालात.
पाहुण्याघरी पाणी मागायला लाजावं
तसं त्याच्या ओठांवर काहीतरी अडलेलं.
निवृत्त गार्ड रुबाब तडवी उठले
आणि त्यांनी बटण बंद केलं.

आधी फक्त घाम ऐकू आला.
मग बोरीच्या पुलावर
गिअर बदलणारा ट्रक.
मग ते चार स्वर,
आणि पाचवा,
जो दोंडाईच्यात उंबऱ्यात थांबला होता
तो आत आला, चप्पल काढून.

पाण्याचा जार द्यायला आलेला पोरगा
जार खांद्यावर तसाच धरून उभा.
वीस लिटर. मी मोजत नव्हते,
पण बराच वेळ.

मध्येच पत्ती फाटली. चीं झालं.
‘दोन सीझन काढेल शे,’ तो ओशाळून म्हणाला,
जणू चूक पत्तीची नव्हती, त्याची होती.
कुणी हसलं नाही.
डब्यात निघाले सहाशे चाळीस
आणि एक लिमलेटची गोळी.
त्यानं गोळी तोंडात टाकली, सहाशे ठेवले,
चाळीस मला परत : ‘सतरंजीवालाले दे.’

सगळंच काही असं होत नाही.
जुलैत धडगावचा पावरीवाला यायचा होता,
बस चुकली की मन, कळलं नाही.
नऊ माणसं बसून राहिली, भजी खाऊन उठली.
मला वाटलं, संपलं.
पुढच्या शनिवारी तेच नऊ,
आणि तडव्यांनी येताना आणलेली
घरची सतरंजी.

आता पुन्हा लग्नसराई.
आज दुपारी दुकानासमोरून वरात गेली,
ढोल, धूळ, नाचणारी पोरं,
शेवटच्या रांगेत लाल कोट.
गाणं तेच, जे सगळ्यांना हवं असतं.
माझ्या दारासमोर येताच
त्या गाण्याच्या पोटातून
चार स्वर निघाले.

‘ताई, पाठपोट काढा हं,’ गिऱ्हाईक सांगत होतं.
मी मशीन बंद केलं.
‘काय झालं? लाइट गेली?’
हात वर करून म्हटलं, थांबा.
वरात कोपऱ्याकडे सरकत होती,
ढोल अंगावर येत होते,
आणि मी मान वाकडी करून
पाचव्याची वाट बघत होते.