जर

पंचवीस शब्दांचं वाक्य होतं
आणि जागा सात शब्दांची.
रात्रीचे पावणेबारा, छपाई साडेबाराला.
मार्च महिना, डुलुथच्या बंदरात खनिज वाहणारी जहाजं
अजून बर्फात रुतून बसलेली,
आणि माझ्या पडद्यावर कॅस्पर व्रोबेल,
करारांचा इतिहास शिकवणारे,
मंगळवारी ग्रंथालयाच्या तळमजल्यावर
एकोणीस माणसांपुढे म्हणालेले:

जर एखादा देश फक्त आपलेच मृत मोजत असेल,
आणि त्याने मारलेल्यांच्या नावांच्या जागी
नुसती रेघ ओढत असेल,
तर तो शोक करत नसतो,
हिशेब लिहीत असतो.

मी आधी रेघ काढली. मग नावं. मग मृत.
तीस वर्षांचा हात आहे, मासा साफ करावा तसा चालतो.
शेवटी जर उरला, काट्यासारखा.
तोही काढला.
देश शोक करत नाही, हिशेब लिहितो : प्राध्यापक
चपखल बसलं. दोन रकाने, एक ओळ.
मी कॉफीचा कप विसळला आणि घरी गेले.

बुधवारी ह्यूस्टनच्या एका दंतवैद्याने ते उचललं,
रात्री जागून ब्लॉग लिहिणारा माणूस.
त्याने पुढे आपला जोडलं. आपला देश.
गुरुवारी टीव्हीने उद्गारचिन्ह दिलं.
शुक्रवारी व्रोबेलांच्या दारात तीन व्हॅन,
छपरांवर तबकड्या,
शेजारचं कुत्रं भुंकून भुंकून घसा बसलेलं.
विद्यापीठाचं निवेदन आलं:
आम्ही विचारस्वातंत्र्याचा मनापासून आदर करतो, तथापि
आणि तथापिनंतरचं कुणी वाचलं नाही,
गरजही नव्हती.

डॅग्नी स्लेटन त्या एकोणिसांत होती,
पुढच्या रांगेत, मुलाचा स्वेटर घालून.
मुलगा दोन वर्षांपूर्वी झेंड्याखाली परत आलेला.
वार्ताहराने माइक पुढे केला: खूप राग आला असेल?
ती म्हणाली, मी पूर्ण ऐकलंय. बरोबर बोलले ते.
रात्री मी मोजत असते.
माझा एक. मग पलीकडचे मोजायला जाते
तर आकडाच कुणी सांगत नाही.
त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.
बाहेर उणे अठरा, आत हीटर.
चष्म्यावर वाफ धरली, तिने तो पुसला.
सहाच्या बातम्यांत तेवढंच दाखवलं,
आवाज बंद, खाली पट्टी:
आईचे अश्रू.

मग व्रोबेलांचं पत्र आलं, हाताने लिहिलेलं.
शिव्या नाहीत, वकील नाही. एवढंच,
की माझा एक शब्द तुमच्याकडे राहिला आहे.
दुरुस्ती मीच बसवली. पान बारा,
मासेमारीच्या परवान्यांच्या तारखांखाली:
अनवधानाने एक शब्द गाळला गेला.
गाळला गेला.
काय मायाळू क्रियापद आहे,
कर्त्याला रात्रभर झोपू देणारं.
पुढच्या सत्रात त्यांना वर्ग दिले गेले नाहीत.
तेही असंच. दिले गेले नाहीत.

काल हार्डवेअरच्या दुकानात दिसले,
हातमोजे दातात धरून फावडी तोलत होते.
ते मला ओळखत नाहीत. मला कुणीच ओळखत नाही,
माझ्या कामाखाली नाव छापत नाहीत.
त्यांनी आयव्हरला विचारलं,
जर बर्फ ओला निघाला, तर दांडा टिकेल ना?
आयव्हर म्हणाला, मोडला तर आणा परत.
पावती मात्र सांभाळा.

मी खिळ्यांच्या खोक्यापाशी उभी होते.
मला खिळे नको होते.