कालचा की आजचा

माशाचा आधी डोळा बघायचा, मग कल्ले, मग भाव.
हर्णैच्या वाळूवर चाळीस वर्षं हेच केलं.
डोळा फुगीर, काळाभोर, ओला, तर आजचा.
आत बसलेला, दुधाळ, तर कालचा, बर्फातला,
कितीही पाडून सांगा, मी टोपलीला हात लावत नसे.

दापोलीच्या डॉक्टरने डोळ्यात बॅटरी मारली
तेव्हा मी विचारलं, कालचा की परवाचा?
तो हसला नाही. त्याला मासे कळत नव्हते.

उजव्यात भिंग बसवायचं ठरलं. त्याआधी कागद.
काय काय होऊ शकतं ते सगळं बारीक अक्षरात,
आणि ते वाचायला जी नजर लागते
तिच्यासाठीच तर मी आले होते.
कंपाउंडर म्हणाला, धाकलीबाई, सगळेच करतात सही.
केली. चोगलेमधला ले रेघेखाली घसरला.

पट्टी निघाली आणि समुद्र निळा.
डावा झाकला, उजवा झाकला,
निळा, चहा, निळा, चहा.
इतकी वर्षं चहा बघत होते
आणि कोणी बोललं नाही.

रात्रीचं वेगळं.
बंदरावरचा एकेक दिवा आता पाग फेकतो,
गोल, गोलाबाहेर गोल.
येणाऱ्या होड्या मोजाव्या तर पागात पाग अडकलेले.
आणि कानाच्या बाजूला एक काळी कोर उभी असते.
दोनदा म्हटलं, सर गं जरा, हमीदा.
हमीदा समोर बसून कोळंबी सोलत होती.

वर्षाने पुन्हा धूर.
मोतीबिंदू परत येत नाही, म्हणाले,
भिंगामागे पातळ पिशवी असते, ती मळते.
लेझरने तिला खिडकी पाडली. पाच मिनिटं. दुखलं नाही.
निघताना दारात थांबवून सांगितलं:
चमका दिसल्या, काळे ठिपके उडाले,
कडेने पडदा ओढल्यासारखं झालं
तर त्याच दिवशी या.
आतला पडदा सुटू शकतो. क्वचित.

क्वचित!
अहो, थंडीत काळोखाला इथं पाणीच पेटतं,
पाय टाकला की घोट्याभोवती ठिणग्या.
सुकटीवर दिवसभर ठिपकेच उडतात.
आणि माघात पहाटे धुकं येतं ते
किल्ला एका कडेने झाकतच.
यातलं कुठलं घेऊन येऊ मी,
रिक्षाला चारशे रुपये देऊन?

म्हणून एक सवय लावून घेतली.
काही चमकलं की उजवा झाकते.
डाव्यालाही दिसलं तर समुद्राचं.
नाही तर माझं.

डाव्याची तारीख दिली आहे, गणपती झाले की.
सून म्हणते, उरकून टाका एकदाचं.
तिला कसं सांगू,
दोन्ही नवे झाले तर
विचारायचं कुणाला?

काल लिलावात एक सुरमई, डोळा स्वच्छ.
उजव्याने पाहिली. मग डाव्याने.
डाव्याला जरा कालची वाटली.
मी कल्ला उचलला, आत बोट घातलं.
लाल. गार. आजची.
घेतली.