कोरा रकाना

बिश्केकच्या कचेरीत एका नदीची फाईल आहे.
चोंग-ताश. ठाणे क्रमांक नऊ.
सकाळी आठ, रात्री आठ,
जांभळ्या शाईत पाण्याची उंची.
मग त्र्याण्णवचा मार्च येतो
आणि शाई थांबते.
पुढची अकरा वर्षं कोरी.
नदी आटली नव्हती.
पगार आटला होता.

त्यानंतरचे आकडे यंत्राचे,
जे दर हिवाळ्यात गोठतं.

खाली मातीचं धरण आहे, माझ्याहून सहा वर्षांनी थोरलं.
त्याच्या पायथ्याशी झिरपतं थोडं पाणी.
मी ते काचेच्या बरणीत धरून उजेडाकडे बघते.
नितळ असलं की त्या रात्री झोप लागते.
सांडवा किती पाणी पेलेल ते कागदावर आहे,
किती येईल
ते कोणालाच ठाऊक नाही.
उबदार पाऊस बर्फावर पडला तर काय होतं,
याचं आमचं गणित दुसऱ्याच डोंगरांवरून उसनं आणलेलं.
हजार वर्षांतून एकदा येणारा पूर
मी सेहेचाळीस वर्षांच्या नोंदींतून काढते
आणि उत्तर लिहिते
दशांशचिन्हापुढे दोन घरांपर्यंत.
त्या दोन घरांची मला लाज वाटते.

बुरमाकान आपाने चहा ओतला, पाव मोडला,
संदुकीतून वही काढली.
मुलीची, रशियन व्याकरणाची.
मागच्या पानांवर पेन्सिल.
"पट्टी वाहून गेली होती, जिपार. मग मी जे होतं त्यावर मोजलं."

*२ मे. काळ्या दगडाचं फक्त डोकं.*
*१४ जून. वाळुंजाच्या दुसऱ्या फांदीला.*
*१५ जून. तसंच. पीठ संपलं.*
*९ जुलै. दगड नाही. वाळुंज नाही. आवाज.*

फाईलमधल्या कुठल्याच पानात हा आवाज नाही.

"किती उंच, आपा?"
ती गुडघ्यावर हात टेकत उठली,
गोठ्याच्या भिंतीपाशी गेली,
खांद्याला खांदा लावून उभी राहिली भिंतीच्या.
"इथवर."
मग थोडं थांबून,
"पण तेव्हा मी उंच होते."

मी गिलावा खरवडला.
तिच्या खांद्याच्या चार बोटं वर
विटांच्या फटीत बसली होती
पिठासारखी मऊ, करडी रेती.
पिशवीत भरली, तारीख लिहिली,
आणि वहीत नोंदवलं: अधिक-उणे
एक म्हातारपण.

नंतर कचेरीत तो एक ठिपका आलेखावर ठेवला
तशी रेघ मान वर करून
सांडव्याच्या पलीकडे निघून गेली.
एसेनबेक साहेब बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "संदर्भात काय लिहायचं? म्हातारीची वही?"
संशोधनाच्या मागण्यांत त्यांनी रडार घातलं होतं, उपग्रह,
एक संगणक.
मी खाली लिहिलं, भिंती.
लिहिलं, दरीतल्या कपारींमधला गाळ,
कुणाच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं ते विचारायला
एक माणूस, एक घोडा, दोन उन्हाळे,
आणि घाई,
कारण विचारायची माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.
घोडा त्यांनी खोडला.

पण हे सगळं नंतरचं.
त्या दिवशी वही माझ्या हातात देऊन
आपाने एकच विचारलं,
"हे आता सरकारात जाणार ना?
मग ती अकरा वर्षं
नोकरीत धरतील?"

माझ्या तक्त्यात पाण्याची उंची होती, वेग होता,
गाळ, तापमान, शेरा.
मी चहा पीत राहिले.
रात्रीचे आठ वाजत आले होते.
तिने कंदील घेतला
आणि नदीकडे निघाली.