पान सत्तेचाळीस

नायगावात वेलजीच्या रद्दीच्या दुकानात
गोणीवर बसून वाचायचो,
मासिकं तराजूत जायच्या आत.
एकात होतं : माकुलाला हृदयं तीन असतात,
कारण —
उरलेला मजकूर पान सत्तेचाळीसवर.

सत्तेचाळीस नव्हतं.
भेळवाल्याने नेलं असणार;
कुणीतरी चटणीचं बोट
त्या कारणाला पुसलं असणार.

घरी आई माकुलं साफ करत होती.
म्हटलं, थांब, मोजू दे.
तिने धपाटा घातला,
मग स्वतःच वाकून बघू लागली.

आता पन्नाशी उलटली.
लिफ्टवाल्याला विचारतो, दोराला पीळ किती?
डॉक्टरांना, डावीकडेच का?
बायको म्हणते, पुरे हो.

ते कारण फोनवर मिळेल, ठाऊक आहे.
अजून शोधलं नाही.
भेळ संपली की मात्र
कागद उलगडून बघतो.